सातव्या महिन्यातील कंबरदुखी: सोसावी की दाखवावी?

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. वय 26, पहिलेच गरोदरपण, सातवा महिना चालू आहे. घरी विड्या वळते, त्यामुळे मांडीवर सूप घेऊन चार-पाच तास मान खाली घालून बसावे लागते. महिनाभरापासून मान आणि कंबर दुखते. आता जिना चढताना आणि रात्री कूस बदलताना जांघेतही कळ येते. सासूबाई म्हणतात, या दिवसांत दुखायचेच. शेजारच्या काकू पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घे म्हणतात. दुकानातले मलम चोळले तर चालेल का? दाखवायचे तर कोणाला?

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे. गरोदरपणात संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैल होतात, पोटाचा भार पुढे येतो आणि कमरेचा बाक वाढतो, म्हणून थोडेफार दुखणे बहुतेकींच्या वाट्याला येते. परंतु कूस बदलताना किंवा एका पायावर भार देताना जांघेत उठणारी कळ ओटीपोटाच्या हाडांच्या सांध्यांची असू शकते, आणि तिच्यावर उपचार आहेत. ती प्रसूतीपर्यंत सोसत राहण्याचे काहीच कारण नाही.

आधी आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांच्या चिठ्ठीने फिजिओथेरपिस्टकडे जा. खासगी खर्च झेपत नसेल तर सिव्हिलमध्ये विचारा. शिवाय पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तेथे नुसते ‘कंबर दुखते’ असे सांगून थांबू नका. नेमके कुठे बोट ठेवता येते, कोणत्या हालचालीने वाढते, पायात मुंग्या येतात का, हे सांगितले तर निदान सोपे जाते. फिजिओथेरपिस्ट बसण्या-उठण्याच्या पद्धती आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवतात, गरज वाटल्यास पट्टाही देतात.

पाठीला पाय मात्र कोणाचाही लावून घेऊ नका, मग तो माणूस पायाळू असो वा नसो. सैल झालेल्या सांध्यांना तसा दाब अपायकारक ठरू शकतो. मलमाचे म्हणाल, तर त्यावरील घटक वाचा. अनेक मलमांत डायक्लोफिनॅक असते, आणि या जातीची औषधे 20 आठवड्यांनंतर बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम करू शकतात, त्यामुळे गर्भजल कमी होण्याचा धोका असतो. पॅरासिटॅमॉलही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

दुखणे ठरावीक अंतराने येऊ-जाऊ लागले, अंगावरून रक्त किंवा पाणी गेले, लघवीला जळजळ होऊन ताप आला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, किंवा तीव्र डोकेदुखीसोबत डोळ्यांपुढे अंधुक दिसू लागले, तर वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा. 102 किंवा 108 वर रुग्णवाहिका मिळते.

आपण विचारलेले नाही, तरी विडीच्या कामाबद्दल सांगणे भाग आहे. तंबाखूतील निकोटीन हातांच्या त्वचेतून आणि धुळीतून शरीरात जाते, म्हणून हे काम प्रसूतीपर्यंत थांबवता आले तर उत्तम. घरच्या परिस्थितीमुळे ते शक्य नसेल, तर भिंतीला पाठ टेकून, सूप उशीवर उंच ठेवून बसा, दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चाला, आणि रात्री कुशीवर निजताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घ्या.