समरी जजमेंट म्हणजे निकालाचा सारांश नव्हे

प्रश्न असा आहे की अमेरिकेतल्या विम्याच्या एका भांडणात कोर्टाने 'समरी जजमेंट मोशन्स'वर निर्णय दिला असं वाचलं, तर त्याला मराठीत 'निकालाचा सारांश' म्हणावं का.

नको, अजिबात नको. इथे समरी हे विशेषण आहे, नेहमीची सगळी प्रक्रिया न करता उरकलेलं अशा अर्थाचं, त्यामुळे निकालपत्र शंभर पानांचं असलं तरी ते समरी जजमेंटच. आपल्याकडे पोलीस कोर्टात 'बी समरी' म्हणजे तक्रार खोटी असल्याचा अहवाल पाठवतात तिथे समरी हे नाम असतं, ती गोष्ट वेगळी. आणि मोशन म्हणजे साधा अर्ज. अर्जदाराचं म्हणणं असतं की निकालाला महत्त्वाच्या तथ्यांवर खरा वादच नाहीये, उरलाय तो कायद्याचा प्रश्न, मग साक्षीदार, ज्युरी कशाला, निकाल देऊन टाका.

विम्याच्या दाव्यांत हे सारखं दिसतं कारण भांडण बऱ्याचदा पॉलिसीतल्या शब्दांवरच असतं. वर्ल्ड ट्रेड सेंटरचंच बघा. लीज लॅरी सिल्व्हरस्टीन यांच्याकडे, विमा दर घटनेमागे साधारण साडेतीन अब्ज डॉलरचा, आणि ११ सप्टेंबर २००१ ला विमानं दोन, टॉवर दोन, मग घटना एक की दोन? कुठलं विमान कधी धडकलं यावर कुणाचंच दुमत नव्हतं. तीन विमा कंपन्यांना 'विलप्रॉप' नावाचा पॉलिसीचा फॉर्म लागू होता, त्यात लिहिलेलं की एका कारणामुळे किंवा सारख्या कारणांच्या मालिकेमुळे झालेलं सगळं नुकसान ही एकच घटना, म्हणून त्यांना समरी जजमेंट मिळालं, ज्युरीपर्यंत प्रकरण गेलंच नाही. ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीच्या फॉर्ममध्ये मात्र 'घटना' शब्दाची व्याख्याच नव्हती, अर्थ दोन्हीकडे जाऊ शकत होता, म्हणून तिच्याविरुद्धचा सिल्व्हरस्टीन यांचा तसाच अर्ज फेटाळला. सप्टेंबर २००३ मध्ये अपील कोर्टाने हे दोन्ही कायम केलं.

आता हा 'फेटाळला' नीट वाचायला हवा, कारण बातम्यांत इथेच घोळ होतो आणि वाचकाला वाटतं माणूस केस हरला. तो हरलेला नसतो, फक्त खटला पूर्ण चालणार एवढाच त्याचा अर्थ, आणि झालंही तसंच, डिसेंबर २००४ मध्ये ज्युरीने ट्रॅव्हलर्स धरून नऊ कंपन्यांच्या बाबतीत दोन घटना मानल्या.

'संक्षिप्त निकाल' हा शब्द वापरतात पण त्याने परत लांबीचाच भास होतो, मी तरी 'खटला न चालवता दिलेला निकाल' असंच लिहीन, लांब आहे पण वाचणाऱ्याला कळतं. नाहीतर सरळ समरी जजमेंट लिहा, आपल्या वकिलांनाही हा शब्द आता परका नाही, २०१५ च्या कमर्शियल कोर्ट्स कायद्याने दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर १३-ए घालून ही सोय इथेही आणलीच आहे. फक्त ऑर्डर ३७ च्या 'समरी सूट'शी गल्लत नको, तिथे दावाच मुळात वेगळ्या प्रकारचा असतो, चेक किंवा लेखी कराराच्या पैशांचा वगैरे, आणि बचाव करायलाही प्रतिवादीला आधी कोर्टाची परवानगी काढावी लागते.