पावसाला घाबरणारी लेक, मोबाईल काढून घेऊ का?

ताई, २०२१ ला चिपळूणात घरात पाणी शिरलं तेव्हापासून लेक रेड अलर्ट आला की झोपत नाही, आता दहावीला आहे आणि म्हणते पुढं जगच धड राहणार नाही तर शिकून काय करू, असं लिहिलंयत तुम्ही. पूरपट्ट्यातल्या शाळेत भूगोल शिकवलाय मी, अशी मुलं बरीच बघितलीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे "काही होत नाही गं" म्हणणं बंद करा. झालंय की! २०२१ मध्येच 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या संशोधन मासिकात १० देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० मुलांचा सर्व्हे आला होता, भारतातली पण मुलं होती त्यात, ५९ टक्के हवामान बदलामुळे खूप किंवा प्रचंड काळजीत, आणि ज्यांनी कुणाकडे विषय काढला त्यातल्या जवळपास निम्म्यांना समोरच्यानं उडवून लावलं.

मला तरी तिच्या दोन भीत्या वेगळ्या दिसतात. एक, रात्री पाणी येईल. याला तयारी हाच उपाय, आणि ती मे महिन्यातच, तिला सोबत घेऊन. कागदपत्रं कुठं, आजीला कोण उचलणार, कुणाकडे जायचं, यादी तिच्याच ताब्यात द्या. आणि सरळ बाजूची बाटली कापून पर्जन्यमापक करू दे, रोज सकाळी साडेआठला मोजायचं (हवामान खातंही तेव्हाच मोजतं) आणि वहीत लिहायचं. ६४.५ मिमीपासून मुसळधार धरतात, पण कोकणात जुलैत असे दिवस येतातच आणि दरवेळी पूर येत नाही, वर घाटात किती पडला, भरती कधी आहे, यावरही असतं, हे स्वतः मोजलं की आपोआप कळायला लागतं. ओडिशाचं पण सांगा तिला, १९९९ च्या चक्रीवादळात जवळपास १०,००० माणसं गेली, २०१३ ला फायलिन चक्रीवादळ आलं तेव्हा लाखो लोक आधीच हलवले आणि मृत्यू काही डझनांवर राहिले.

दुसरी भीती जगाची. ती तुम्ही मिटवू शकत नाही, मिटवायला जाऊ पण नका. "मग झाड लाव" तर मुळीच नको, शाळेतल्या त्या 'पृथ्वी तुमच्या हातात' पोस्टर स्पर्धांचा मला मनापासून राग येतो, मतदान आपण करायचं, गाड्या आपण उडवायच्या आणि ओझं पोरांवर! खरं तेच बोला, हवेतला कार्बन अजून वाढतोच आहे, आणि भारतात २०१४ ला जेमतेम ३ गिगावॅट असलेली सौरऊर्जा २०२५ मध्ये १०० च्या वर गेली, दोन्ही खरं आहे. नदीवर, खारफुटीवर काम करणारी माणसं जवळपास असतील तर सुट्टीत घेऊन जा, काम थोडंच होईल पण तिच्यासारखीच काळजी करणारी मोठी माणसं भेटतील, ते जास्त महत्त्वाचं.

जेवण-झोप बरेच दिवस बिघडलेली असेल तर डॉक्टर गाठा. आणि "शिकून काय करू"चं "जगून काय करू" झालं तर त्याच दिवशी, १४४१६ ही सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, फुकट, रात्री-अपरात्रीही चालू, मराठीत बोलता येतं.

मोबाईल काढून घेऊ नका, लपून बघेल. रात्री तो सगळ्यांचाच बाहेरच्या खोलीत, आणि अलर्ट बघायची ड्युटी तुमची किंवा तिच्या बाबांची, तिला तसं स्पष्ट सांगा.