कारण लेखी माग

पोरी,

परवा बार रूममध्ये तू विचारलंस, "सर, लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला कोर्टाने का अडवायचं?" मी चहा तसाच टाकून उठलो. राग तुझ्यावर नव्हता. हा प्रश्न मला तीस वर्षांपूर्वीच पडायला हवा होता.

धरण कुठे बांधायचं हे मतं मिळालेल्यांनीच ठरवावं. कोर्टाने कारण विचारायचं. या माणसाला कुठल्या कायद्याखाली धरलंत? दाखवा, आणि लेखी दाखवा. मतदाराला पाच वर्षांनी जाब विचारता येतो. कोठडीतल्याला आजच विचारावा लागतो.

आणीबाणीतला, 1976 चा जबलपूरचा खटला तू परीक्षेपुरता वाचलायस, पुन्हा वाच. मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय कैदेत ठेवू देणाऱ्या कायद्याखाली, डांबलेल्यांना दाद मागता येते, असं नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयात न्या. खन्नांनी सरकारच्या वकिलाला, महान्यायवादींना, विचारलं, पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तरी उपाय नाही? उत्तर आलं, आणीबाणी आहे तोवर नाही. हे कानांनी ऐकूनही चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूने गेले. खन्ना एकटे पडले. जानेवारी 1977 मध्ये सरन्यायाधीश नेमताना त्यांची ज्येष्ठता डावलली, त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल पुसायला 2017 उजाडलं.

दिल्लीचं राहू दे, आपल्या रिमांड कोर्टात बघ, अटक केलेल्याला कोठडीसाठी हजर करतात तिथे. पोलीस कोठडी देताना मॅजिस्ट्रेटने कारण नोंदवलंच पाहिजे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 167 मध्ये ते होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 187 मध्येही आहे. आणि रोजनाम्यात काय पडतं? आरोपी हजर, पीसीआर (पोलीस कोठडी) मंजूर. तिथे उभी राहा. "साहेब, कारण नोंदवावं." साहेब वैतागतील, फौजदार हसेल. पुन्हा म्हण.

मी म्हटलं नव्हतं. एका पारध्याच्या पोराला नुसत्या संशयावर सात दिवस पीसीआर मिळाला आणि मी गप्प बसलो. सुटला तेव्हा त्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. त्या दिवशी हातात पाच प्रकरणं होती, त्याच साहेबांपुढे दुपारी दुसऱ्या पक्षकाराचा जामीन होता, त्यांना दुखवून चालणार नव्हतं. हे मी आजही सांगतो आणि त्यातलं काही खोटं नाही. तालुक्याला वकिली करून घर चालवणं काय असतं ते तुला अजून कळायचंय. त्यानंतर मात्र एकही रिमांड कारण मागितल्याशिवाय जाऊ दिला नाही. दोन मॅजिस्ट्रेट माझ्याशी नीट बोलेनासे झाले. झाले तर झाले.

मुंबईला जाऊन जनहित याचिका लढवायच्या म्हणतेस. जरूर लढव, पण आधी वर्षभर इथे रिमांडला उभी राहा. सोमवारी अकराच्या आत ये, वकीलपत्राचे कोरे फॉर्म घेऊन. रिमांड रिपोर्ट हातात पडल्यापासून पुकारा होईपर्यंत जेमतेम पाच मिनिटं मिळतात, तेवढ्यात तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा असतो.