दूध कमी येतंय, बाळाला पुरत नाही. काय खाल्लं तर वाढेल?

दीड महिन्याचं बाळ, संध्याकाळी सारखं अंगावर, छाती पूर्वीसारखी भरलेली लागत नाही, पिळून पाहिलं तर जेमतेम येतं, आणि घरचे म्हणतायत वरचं सुरू कर. तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या काकूच डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

खाण्याने दूध वाढत नाही, ताई. ओढल्याने वाढतं. छाती जितक्या वेळा रिकामी होईल तितकं शरीर नवं दूध बनवतं, तुंबून राहिली की हात आखडतं. नीट जेवा, तहान लागेल तेवढं पाणी प्या, खाण्याचा विषय तिथे संपला.

माझं सिझर नाशिकला झालं, जानेवारीत, आणि तिथून माहेरी गेले निफाडला. निफाडची थंडी म्हणजे पेपरात दरवर्षी फोटो येतो ती. लेकाला टोपडं, झबलं, वर दोन दुपटी, त्यावर आजीची शाल. खिडक्या बंद करून खोलीत शेगडी (हे मात्र करू नका, बंद खोलीतला कोळशाचा धूर जीवघेणा असतो). असं गुंडाळलेलं पोर चार घोट प्यायलं की गाढ झोपायचं, आणि झोपलेल्या बाळाला उठवायचं नाही हा घरचा नियम.

अशात माझ्या चुलत सासूबाई, म्हणजे काकू, बाळ बघायला आल्या. बाळाकडे नंतर बघितलं, आधी मला म्हणाल्या, "वाटीत काढून दाखव बरं." मी ओली बाळंतीण, टाके दुखतायत, समोर तीन बायका, आणि हातात स्टीलची वाटी. तळ ओला झाला, बस. "हिच्या अंगावर दूधच नाही," निकाल लागला. संध्याकाळी अहो मेडिकलमधून वरच्या दुधाचा डबा घेऊन हजर. डब्याच्या जाहिरातीवर 1992 च्या कायद्याने बंदी आहे, पण काकूंवर कुठला कायदा चालणार?

बाटली पिऊन पोरगा रात्रभर झोपला. सगळे खूश. आणि त्या रात्री कुणी ओढलंच नाही म्हणून माझं दूध आणखी आटलं. मग डबा वाढला, मग दूध अजून कमी. हे चक्र दीड महिन्याच्या लसीपर्यंत चाललं.

लसीला नाशिकला आलो. तिथल्या एक वयस्कर सिस्टर वजन घेऊन म्हणाल्या, "पाजून दाखव." पाहिलं आणि आधी त्याची सगळी दुपटी सोडली, नुसत्या लंगोटावर माझ्या उघड्या अंगाला लावला. "निप्पल नाकासमोर धर. थांब. थांब गं! मोठा आ वासू दे. आता घे जवळ." हनुवटी छातीत रुतली, खालचा ओठ बाहेर वळला, नुसतं निप्पल नाही तर भोवतीचा काळा भागही तोंडात गेला. आधी चक्‌चक् आवाज यायचा, आता घोट गिळल्याचा यायला लागला. पुढचं त्यांनी लसीची सुई भरता भरता सांगितलं: दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाज, दोन्ही बाजूंनी, झोपला तर तळवे चोळून उठव, पाजून झालं की हाताने थोडं काढ, रात्रीचं चुकवू नकोस कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्रीच जास्त असतं. आणि डबा एकदम बंद करू नको, वजन बघत बघत कमी कर.

डबा सुटला. रात्री ढेकर काढायला अहो उठायचे, तेही लिहिते, नाहीतर अन्याय होईल.

पण काकू! आजतागायत प्रत्येक हळदीकुंकवाला सांगतात की त्यांच्या हळिवाच्या लाडवांनी मला दूध आलं. अहो काकू, लाडू मी पहिल्या आठवड्यापासून खात होते. त्यांच्यात दम असता तर तुमची वाटी तेव्हाच भरली नसती का? हळिवात लोह भरपूर असतं, बाळंतिणीला चांगलंच, जरूर खा. पण शतावरी, मेथी, बाळंतशेपा यांनी दूध वाढतं याचा भक्कम पुरावा नाही. त्या पावडरीच्या पैशात महिनाभर भांड्याला बाई लावा आणि त्या वेळात बाळाला घेऊन पडून राहा.

आता तुमचं. संध्याकाळी सारखं पिणं आणि दीड महिन्याला छाती मऊ लागणं, दोन्ही नॉर्मल. पिळून किंवा पंपाने किती निघतं हे माप नव्हे, बाळ त्याहून कितीतरी जास्त ओढतं. चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट नीट ओले होतात का आणि वजन वाढतंय का, एवढं बघा. दोन्ही ठीक असेल तर तुमचं दूध कमी नाहीच, घरच्यांना धीर कमी आहे.

हां, शू कमी होत असेल, बाळ मलूल असेल, वजन अडलं असेल तर माझं उत्तर वाचत बसू नका, आजच बालरोगतज्ज्ञांकडे जा. तेव्हा डबा लागला तर त्यात पाप नाही. काही जणींना थायरॉइड, पीसीओएस (अंडाशय आणि हार्मोनचा त्रास), बाळंतपणात झालेला जास्त रक्तस्राव यामुळे खरंच कमी येतं, काही गर्भनिरोधक गोळ्यांनीही कमी होतं, म्हणून कुठली गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा. दूध वाढवायच्या गोळ्या मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका.