वरून कडक, आतून ओली: सुकेळी का बुरसतात आणि केकमध्ये तळाला का जातात

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि दुखणं लगेच ओळखलं. सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, करायला पाच किलो केळी उभी चिरून दोन दिवस गच्चीवर, मग आभाळ आलं म्हणून ओटीजीत (घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) 110 अंशांवर चार तास. बाहेरून कडकडीत झाली, भरली 1 किलो 300 ग्रॅम, आणि पंधराव्या दिवशी एका बरणीत पांढरी बुरशी. दुसऱ्या बरणीतली रात्रभर भिजवून केकमध्ये घातली, तर सगळी तळाला आणि केक मधोमध गिच्च. तुम्ही हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारलेत. माझ्या मते प्रश्न एकच आहे, पाण्याचा हिशेब चुकला.

केळी कशी सोलायची, टिनला कागद कसा लावायचा हे तुम्हाला येतंच, ते सोडून देते. आधी वजनाचं बोलू. पाच किलो केळ्यांची सालं काढली की साधारण 3 किलो 200 ग्रॅम गर राहतो. पिकल्या गरात शंभरात पंचाहत्तर भाग पाणी असतं, म्हणजे घन भाग फक्त 800 ग्रॅम. सुकेळं टिकायचं तर त्यात वीस टक्क्यांच्या आसपासच पाणी उरायला हवं. तेव्हा तुमच्या पाच किलोंची सुकेळी किलोभर भरायला हवी होती. तुमची 300 ग्रॅम जास्त भरली, ते सगळं पाणी. शंभरात अडतीस भाग ओल घेऊन बरणी बंद केली तर बुरशीला आणखी काय हवं? म्हणून सोललेल्या गराचं वजन कागदावर लिहून ठेवा. एक किलो गराचे 300 ते 320 ग्रॅम झाल्याशिवाय बरणीचं झाकण लावू नका. हाताला कडक लागतंय, रंग आलाय, शेजारची म्हणते झालं, यातल्या कशावर जाऊ नका. काटा खोटं बोलत नाही.

आता मुख्य घोडचूक. 110 अंश. एवढ्या उष्णतेला वरचं पाणी झपाट्याने उडतं, पण आतलं तेवढ्या वेगाने वर येत नाही. वरच्या थरातली साखर घट्ट होऊन कवच धरते आणि आतलं पाणी आतच कोंडतं. नंतर कितीही तास ठेवा, कवच जळेल, गाभा ओलाच राहील. केळ्याला 55 ते 60 अंश पुरेत. त्या तापमानाला 6-8 मिलिमीटरच्या चकत्यांना 8 ते 12 तास लागतात, उभ्या फाकींना त्याच्या दुप्पट धरा. ज्या ओटीजीचा काटा 100 च्या खाली जात नाही त्यात केळी वाळवूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. दार लाकडी चमच्याने दोन बोटं उघडं ठेवण्याची युक्ती सगळे सांगतात. आत वेगळा तापमापक ठेवून बघत बसायची तयारी असेल तरच करा.

हे इतकं ताणून सांगतेय कारण हीच चूक मलाही सगळ्यात महाग पडली आहे, आणि तीही छापील कागदावर विश्वास ठेवून. एका प्रशिक्षण केंद्रात (नाव घेत नाही) फी भरून मिळालेल्या झेरॉक्सवर केळी, आंबा, अंजीर सगळ्यांना एकच ओळ होती: 80 अंश, 8 तास. फोड किती जाड, अंतिम वजन किती, काही नाही. माल बुरसल्यावर विचारायला गेलं तर उत्तर काय, तुमच्या घरात ओल असेल. मे महिन्यात! जळगावात! दुसऱ्यांदा साहेब दौऱ्यावर. असो. कागद कुणाचाही असो, त्यात तापमानासोबत जाडी आणि वजन लिहिलेलं नसेल तर तो चुलीत घाला.

आपल्याकडे खरं तर मशीन लागतच नाही. आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) रोहिण्या लागेपर्यंतचं, म्हणजे मेअखेरपर्यंतचं ऊन आणि कोरडी हवा म्हणजे फुकटचा ड्रायर. बिबड्या-कुरडयांसोबत हेही वाळवण उरकावं. स्टीलच्या ताटात घालू नका, खालची बाजू चिकटते आणि ओली राहते. बाजेवर नायलॉनची जाळी ताणून तिच्यावर फाकी मांडा, म्हणजे वारा खालूनही लागतो. वर मलमल, पण फळाला टेकणार नाही अशी. पहिल्या दिवशी संध्याकाळी एकदाच उलटा, नंतर दिवसातून दोनदा. रात्री घरात. फाकींना चार-पाच दिवस लागतात, दोन दिवसांत कधीच होत नाहीत. मधेच आभाळ आलं तर ओटीजीकडे धावू नका. घरात टेबलफॅनसमोर ठेवा आणि ऊन पडलं की परत बाहेर.

केळी निवडताना वाफाऱ्यातून (केळी पिकवायच्या बंद खोलीतून) पिवळीधम्म होऊन आलेली त्याच दिवशी घेऊ नका. साल पिवळी असते, पण आत स्टार्चची साखर पुरती झालेली नसते, आणि अशी केळी वाळल्यावर लाकडासारखी लागतात, भिजवूनही मऊ होत नाहीत. सालीवर तपकिरी ठिपके पडेपर्यंत थांबा. लिबलिबीत होण्याच्या आधी चिरा. जळगावच्या केळ्यांना 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं, पण कच्चट केळं मानांकनाने गोड होत नाही. एक लिटर पाण्यात चार मोठे चमचे लिंबाचा रस घालून फाकी पाच मिनिटं बुडवल्या तर काळपट कमी होतात. जास्त वेळ ठेवलं तर उलट पाणी पितात. घरची सुकेळी तपकिरीच होणार, त्याला इलाज नाही आणि तो दोषही नाही. दुकानातला सोनेरी रंग बहुतेकदा गंधकाच्या प्रक्रियेचा असतो. ती घरी करू नका, दम्याच्या माणसाला तर तो धूर फार वाईट.

झालं का हे बघताना फाक आधी अर्धा तास गार होऊ द्या, गरम असताना सगळंच मऊ लागतं. मग मधोमध फाडा. आत ओली चमक दिसता कामा नये. दाबल्यावर चिकट पाणी येऊ नये, आणि चपलेच्या वादीसारखी वाकावी, तुटू नये.

यानंतरची पायरी जवळजवळ सगळे गाळतात. सुकेळी लगेच गच्च भरायची नाहीत. काचेची बरणी दोन तृतीयांश भरा, झाकण लावा आणि सात ते दहा दिवस रोज एकदा हलवा. काही फाकी जास्त वाळलेल्या असतात, काही कमी, त्यांची ओल या दिवसांत सारखी वाटली जाते. काचेला आतून घाम दिसला की सगळी परत उन्हात. उन्हात वाळवलेल्या मालात किडीची अंडी राहू शकतात. त्यासाठी पिशवी बंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांना किमान 48 तास ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी घरच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर त्यावर दव धरतं आणि केलेलं पाण्यात. पावसाळ्यात बरणी फ्रिजमध्येच बरी.

तुमची बुरसलेली बरणी पूर्ण फेका. वरची दोन काढून बाकीची धुऊन खायची, हे करू नका. मात्र दुसऱ्या बरणीत उरलेल्यांवर पांढरा थर दिसला तर तो नीट पाहा. जुन्या सुकेळ्यांवर, अंजिरावर साखरही फुलते. ती दाणेदार असते आणि कोमट पाण्याच्या थेंबात विरघळते. बुरशी कापसासारखी असते, वास कोंदट येतो. शंका आली तर तीही फेका. मी काही अन्नतज्ज्ञ नाही, पण शंकेच्या मालावर प्रयोग नकोत.

आता केक. रात्रभर भिजवणं हीच चूक. 100 ग्रॅम सुकं फळ रात्रभरात 60-70 ग्रॅम पाणी सहज पितं आणि ओव्हनमध्ये तेच पाणी आजूबाजूच्या पिठात सोडतं. फळाच्या भोवती गिच्च झालं ते म्हणूनच. शिवाय आपल्या मे-जूनच्या उकाड्यात बाहेर ठेवलेलं भिजवण सकाळपर्यंत फसफसू लागतं. मनुका गरम पाण्यात पंधरा मिनिटं, मग पिळून कापडावर अर्धा तास पसरा. सुकेळी हरभऱ्याएवढी चिरा. 100 ग्रॅमला दोन मोठे चमचे कोमट संत्र्याचा रस शिंपडून तासभर झाकून ठेवा, तेवढा रस ती पिऊन टाकतात, निथळायला काही उरत नाही. खजूर नरम असेल तर नुसता चिरा. अगदी कोरडं फळ तसंच घालणंही चूकच, ते उलट पिठातलं पाणी ओढतं आणि दुसऱ्या दिवशी केक भुसभुशीत होतो.

बिनअंड्याचं प्रमाण: मैदा 100 ग्रॅम, कणीक 100 ग्रॅम, बेकिंग पावडर एक चहाचा चमचा, खायचा सोडा अर्धा, दही 200 ग्रॅम, साखर 110 ग्रॅम, तेल 80 मिली, भिजवून निथळलेलं फळ 150 ग्रॅम. दूध लागलंच तर दोन-तीन मोठे चमचे. पाणी सुटलेलं दही आधी चाळणीत निथळा. पीठ चमच्यातून धारेने पडता कामा नये, चमचा तिरका केला की थबकून गोळ्याने पडावं. फळ तळाला जातं ते पीठ पातळ आणि तुकडे मोठे म्हणून. फळाला मैदा चोळण्याचा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. पातळ पिठात त्याचा काडीचा उपयोग नाही, घट्ट पिठात त्याची फारशी गरज नाही. चोळायचाच तर मोजलेल्यातला एक चमचा घ्या, वरून वेगळा नको. सात इंची टिन, 165-170 अंश, 40 ते 45 मिनिटं. वर डोकावणारे तुकडे पिठात दाबून टाका, साखरेमुळे ते आधी करपतात आणि कडू लागतात. सुरी घालून बघताना ती फळात शिरली तर चिकटच निघणार, म्हणून दोन-तीन जागी बघा.

साखर आणखी कमी करता येईल का, असंही विचारलंय. 90 ग्रॅमपर्यंत चालेल, त्याखाली केक कोरडा पडतो. घरात मधुमेही असतील तर सुकेळ्यांचा केक बिनसाखरेचा म्हणून देऊ नका, फळातली साखर वाळल्यावर एकवटलेली असते. डॉक्टरांना विचारा.

जाता जाता, उरलेली मनुका आणि जर्दाळू शेवयांच्या खिरीत घालणार असाल तर उकळत्या दुधात घालू नका, आंबट असतील तर दूध फाटतं. खीर खाली उतरवा, कोमट होऊ द्या, मग घाला. गुळाचंही तसंच.