पहिल्यांदाच घर भाड्याने देताना

प्रश्न : मी माझे दुसरे घर प्रथमच भाड्याने देत आहे. भाडेकरू ओळखीचे आहेत. लेखी करार टाळला तर चालेल का?

उत्तर : टाळू नका, ओळखीच्या माणसांतच तोंडी बोलण्याचे अर्थ पुढे वेगवेगळे निघतात आणि संबंधही दुखावतात. भाडे, अनामत रक्कम, मुदत, पूर्वसूचना व दुरुस्तीची जबाबदारी करारात स्पष्ट लिहा. किल्ली देण्यापूर्वी प्रत्येक खोलीची तारखेसह छायाचित्रे दोघांनी मिळून घ्या, कारण अनामत परत करताना वाद बहुधा इथेच होतो : भिंतीचा रंग फिका पडणे ही वापराने होणारी झीज असते, फुटलेले बेसिन हे नुकसान असते, आणि झिजेचे पैसे भाडेकरूकडून कापणे मला अन्यायाचे वाटते. वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधताना मात्र 12 ऐवजी 11 महिन्यांचेच भाडे धरा, कारण एक भाडेकरू गेल्यावर दुसरा येईपर्यंत घर काही काळ रिकामे राहू शकते.