वाऱ्यात आणि थंडीत टिकणारा स्टोव्ह

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ डिसेंबरअखेरीस उत्तराखंडातील केदारकंठ्याला जाणार असून मुक्काम आणि स्वयंपाक आमचा आम्हीच करणार आहोत. सरावासाठी पाटोद्याकडच्या बालाघाटच्या माळावर एक रात्र काढली, तेव्हा गॅसच्या कॅनिस्टरवर बसवायच्या छोट्या स्टोव्हवर अर्ध्या तासातही पातेलेभर पाणी उकळले नाही. जास्त शक्तीचा गॅस स्टोव्ह घ्यावा की रॉकेल-पेट्रोलवर चालणारा? ओझे कमीत कमी असावे अशी इच्छा आहे.
— एक वाचक, बीड

उत्तर : आपल्या स्टोव्हला त्या रात्री थंडीने नव्हे, वाऱ्याने हरवले. ज्या पठारावर पवनचक्क्या उभारण्याइतका वारा आहे, तिथे उघड्या ज्योतीची उष्णता पातेल्याच्या बुडाला लागण्याआधीच वाहून जाते. अशा वेळी मोठा बर्नर घेतल्याने पाणी लवकर उकळत नाही, गॅस मात्र लवकर संपतो. म्हणून स्टोव्हच्या खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्याकडे दुर्लक्ष करावे आणि ज्योत व पातेले यांच्यामधील अंतर किती आहे, बर्नरला कडा आहे का आणि आडोसा लावता येतो का, या तीन गोष्टी पाहाव्यात.

थंडीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो स्टोव्हपेक्षा कॅनिस्टरमधल्या गॅसवर अधिक अवलंबून आहे. समुद्रसपाटीच्या दाबाला साधे ब्युटेन उणे ०.५ अंशाला उकळते, आयसोब्युटेन उणे १२ अंशांच्या आसपास आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना. गोठणबिंदूच्या आसपास साध्या ब्युटेनची वाफच होत नाही, त्यामुळे हलवल्यावर आत द्रव खळखळत असूनही ज्योत मिणमिणते. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने थोडी सूट मिळते, परंतु गॅस वापरताना वाफ होण्याच्या क्रियेतच कॅनिस्टर आणखी थंड होत जात असल्याने ती सूट लवकर संपते. मिश्र गॅसमध्येही प्रोपेन आधी उडून जाते, आणि शेवटच्या सकाळी नेमके जड ब्युटेन शिल्लक राहते. त्यामुळे कॅनिस्टर घेताना त्यावरचे मिश्रण वाचून आयसोब्युटेन-प्रोपेनचेच घ्यावे. चपट्या टेबल-स्टोव्हसाठी मिळणारी लांबट, स्वस्त नळकांडी बहुधा निव्वळ ब्युटेनची असतात. ती बीडच्या हिवाळ्यात चालतील, केदारकंठ्यावर चालणार नाहीत.

आता निवडीविषयी. कॅनिस्टरच्या डोक्यावर बसणारे स्टोव्ह शंभर ग्रॅमच्या आत मिळतात, आणि त्यांतही सोटो विंडमास्टरसारखे, बर्नरची कड उंच ठेवून ज्योत पातेल्याच्या जवळ आणणारे प्रकार वाऱ्यात बरेच तग धरतात. मात्र अशा स्टोव्हभोवती पत्र्याचा पूर्ण आडोसा कधीही गुंडाळू नये, कारण अडलेली उष्णता खाली कॅनिस्टरवर येते आणि तो फुटू शकतो. कॅनिस्टरला मधूनमधून हात लावून पाहावा. हाताला चटका बसत असेल तर आडोसा तत्काळ काढावा. एमएसआर विंडबर्नरसारख्या, भांडे आणि बर्नर एकमेकांत बसणाऱ्या संचात उघडी ज्योतच नसते, त्यामुळे वाऱ्याचा त्रास जवळपास नाहीसा होतो. वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि त्यात चहा-सूपापलीकडे फारसे शिजवता येत नाही, ही त्याची मर्यादा.

आपल्या गरजेसाठी मी नळीने जोडलेला गॅस स्टोव्ह सुचवेन. तो दोनशे ग्रॅमच्या आसपास मिळतो. बर्नर जमिनीलगत बसतो, कॅनिस्टर हातभर दूर राहतो आणि म्हणून चारही बाजूंनी आडोसा बिनधोक लावता येतो. घेताना नळीचा काही भाग ज्योतीतून गेलेला आहे याची खात्री मात्र करावी. अशी तापणारी नळी असेल तर स्टोव्ह पेटून स्थिर झाल्यावर कॅनिस्टर सावकाश उलटा करता येतो. मग आतून वाफेऐवजी द्रव येतो, त्याची वाफ नळीत होते, आणि प्रोपेन आधी संपण्याची अडचण उरत नाही. तापणारी नळी नसलेला स्टोव्ह असा उलटा केल्यास ज्योतीचा भडका उडतो.

रॉकेल-पेट्रोलचा स्टोव्ह कडाक्याच्या थंडीत सर्वांत भरवशाचा, कारण तिथे दाब गॅसमुळे नव्हे तर आपण मारलेल्या पंपामुळे येतो. घरातल्या जुन्या पितळी स्टोव्हला काकडा लावून, पंप मारून, पिन करून ज्यांनी स्वयंपाक केला आहे त्यांना त्याचे तंत्र नव्याने शिकवावे लागणार नाही. परंतु बाटली-पंपासह त्याचे ओझे जास्त, पेटवताना ज्वाळा उंच उठते, आणि दोघांच्या तीन-चार रात्रींसाठी तो खटाटोप मला अनावश्यक वाटतो.

इंधनाचा हिशेब करताना बर्फ विसरू नये. एक लिटर पाणी १० अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापवायला ८० किलोकॅलरी लागतात. तेवढीच उष्णता एक किलो बर्फ नुसता वितळवायलाही लागते आणि त्यानंतर ते पाणी तापवायचे असते. म्हणजे झरा गोठलेला असेल तर इंधन दुपटीहून अधिक लागेल. शिवाय तीन हजार मीटर उंचीवर पाणी साधारण ९० अंशांनाच उकळते, तेव्हा लातूरची तूरडाळ कुकरशिवाय तिथे शिजण्याची आशा धरू नये. भाजलेल्या पिठाचे पिठले किंवा उपमा न्यावा. कॅनिस्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्यावा, वापरताना बर्फावर न ठेवता फोमच्या तुकड्यावर ठेवावा. तंबूच्या आत स्टोव्ह पेटवू नये, कारण आगीइतकाच कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो आणि त्या वायूला वास नसतो. बालाघाटावर पुन्हा सराव कराल तेव्हा वाळलेले कुसळी गवत आधी हातभर अंतरापर्यंत साफ करावे.

प्रश्न : सचखंड एक्स्प्रेसने दिल्लीपर्यंत जाताना भरलेले गॅस कॅनिस्टर सामानात नेता येतात का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही. रेल्वेत ज्वालाग्राही वस्तू नेण्यास मनाई असून १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ मध्ये त्यासाठी तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. विमानातही कॅनिस्टर हातातल्या सामानात किंवा मोठ्या सामानात चालत नाही. घरून केवळ स्टोव्ह न्यावा आणि कॅनिस्टर दिल्ली किंवा डेहराडूनच्या गिर्यारोहण-साहित्याच्या दुकानातून घ्यावेत. स्टोव्ह सोबत असेल तर तिथेच आटे बसवून पाहावेत, कारण आट्यांच्या कॅनिस्टरला नळकांडीचा स्टोव्ह अडॅप्टरशिवाय बसत नाही आणि तो अडॅप्टर पुढे डोंगरातल्या गावात मिळेलच असे नाही.